पाच पूर्णांक नऊचे कोडे

२२ ऑक्टोबर २००९ रोजी ‘विंडोज ७’ बाजारात आले आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत जगभरच्या अनेक संगणकधारकांना एका आकड्याने कोड्यात टाकले. तो आकडा होता ५.९. नवा कोरा संगणक, चार गाभ्यांचा प्रोसेसर, वेगळे विकत घेतलेले ग्राफिक्स कार्ड, भरपूर रॅम. आणि संगणकाने स्वतःच स्वतःला दिलेले गुण मात्र ५.९. आणखी महागाचा प्रोसेसर बसवावा, तरी ५.९. ग्राफिक्स कार्डावर दुप्पट खर्च करावा, तरी ५.९. मोजपट्टी ७.९ पर्यंत जाते हे पडद्यावरच लिहिलेले असे. त्यामुळे यंत्रात कुठेतरी बिघाड आहे, निदान विक्रेत्याने तरी फसवले आहे, असा संशय येणे स्वाभाविक होते.

त्याआधीच्या ‘विंडोज व्हिस्टा’मध्ये हाच आकडा दिसला असता तर मालकाने पेढे वाटले असते. तिथे ५.९ म्हणजे पैकीच्या पैकी गुण होते. एकाच कंपनीच्या एकाच साधनाने दिलेला एकच आकडा तीन वर्षांच्या आत शिखरावरून अडथळ्यावर आला. हे कसे झाले, हे पाहू गेल्यास संगणकाच्या वेगमापनाचा बराचसा इतिहास हाती लागतो. आणि आपल्या देशात नवा महासंगणक आला की वृत्तपत्रांत झळकणारे ‘पेटाफ्लॉप’चे आकडे कसे वाचावेत, याचाही काही अंदाज येतो.

त्या साधनाचे नाव ‘विंडोज एक्स्पीरियन्स इंडेक्स’. पडद्यामागे प्रत्यक्ष मोजणी करणारा प्रोग्रॅम वेगळा. त्याला ‘विनसॅट’ म्हणत. जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या व्हिस्टासोबत तो प्रथम घरोघरी पोहोचला. तो पाच गोष्टी तपासत असे : प्रोसेसर, रॅम, खिडक्या रेखाटण्यापुरते ग्राफिक्स, खेळांसाठी लागणारे त्रिमितीय ग्राफिक्स आणि मुख्य हार्ड डिस्क. प्रत्येकाला स्वतंत्र गुण मिळत. मग संगणकाचे एकूण गुण काढायचे, तर सरासरी काढली जात नसे. पाचांपैकी सर्वांत कमी गुण तेच एकूण गुण.

हा नियम वाटतो तितका साधा नाही. गच्चीवरची टाकी कितीही मोठी असो, बादली किती वेळात भरणार हे तोटी ठरवते. तेच तत्त्व येथे होते. विक्रेत्याला हा नियम मुळीच सोयीचा नव्हता. सरासरी काढली असती तर एका झगमगीत प्रोसेसरच्या जोरावर बाकीची सुमार सामग्री खपवता आली असती. किमान गुणांच्या नियमाने ती वाट बंद केली. मायक्रोसॉफ्टच्या अनेक निर्णयांवर टीका झाली आणि ती योग्यही होती. पण हा एक निर्णय प्रामाणिक होता, असे म्हटले पाहिजे.

५.९ चे कोडे याच नियमात दडलेले होते. विंडोज ७ साठी मोजपट्टी ७.९ पर्यंत वाढवताना हार्ड डिस्कची चाचणी अधिक कडक करण्यात आली. व्हिस्टामध्ये डिस्क सलग माहिती किती वेगाने वाचते यावर भर होता. पण घरातला संगणक प्रत्यक्षात सलग वाचत नाही. एक प्रोग्रॅम सुरू करायचा म्हटला तरी डिस्कवर विखुरलेले शेकडो लहान तुकडे गोळा करावे लागतात. फिरत्या डिस्कची अडचण इथेच आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा तो भाग वाचकशीर्षाखाली येण्यासाठी सरासरी ४ मिलिसेकंद थांबावे लागते. त्याआधी शीर्ष योग्य वर्तुळावर सरकण्यास आठ-नऊ मिलिसेकंद. एकूण बारा-तेरा मिलिसेकंदांत एक तुकडा, म्हणजे सेकंदाला जेमतेम ऐंशी. तुकडा चार किलोबाइटचा धरला तर सेकंदाला मेगाबाइटचा एक तृतीयांश भागही वाचून होत नाही. सलग वाचताना मात्र हीच डिस्क सेकंदाला शंभर मेगाबाइट सहज देते. तीनशेपट फरक, आणि तो कुठल्याही कारखान्याच्या हलगर्जीपणामुळे नव्हे, तर धातूची तबकडी फिरण्यास वेळ लागतो म्हणून.

म्हणून विंडोज ७ च्या रचनाकारांनी ठरवले की फिरत्या डिस्कला ५.९ च्या वर गुण द्यायचे नाहीत. त्यापुढची जागा एसएसडीसाठी, म्हणजे फिरता भाग नसलेल्या साठवणीसाठी. तेव्हा एसएसडी महाग आणि दुर्मीळ होती. साहजिकच बाकी सर्व उत्तम असलेल्या संगणकांची मोठी संख्या डिस्कपाशी येऊन ५.९ वर अडकली. भर म्हणून चौसष्ट बिटांच्या प्रणालीत रॅम चार गिगाबाइट किंवा त्याहून कमी असेल तर तिचे गुणही ५.९ वरच रोखण्याचा नियम होता. म्हणजे डिस्क बदलूनही काही जणांना पुन्हा तेच ५.९ दिसे, कारण या वेळी अडवणारा घटक निराळा असे. एकूण गुणांकडे पाहत बसण्यापेक्षा खालचे पाच आकडे वाचले असते तर उलगडा क्षणात झाला असता. पण ठळक अक्षरांत छापलेला आकडा सोडून बारीक अक्षरांतले आकडे वाचण्याची सवय फार थोड्यांना असते.

येथवर जे सांगितले तो बिघाड नव्हताच. खरे बिघाड पुढे आहेत, आणि ते अधिक उद्बोधक आहेत.

सर्वाधिक गोंधळ माजवणारी तक्रार अशी की मोजणी अर्ध्यावर थांबे आणि चित्रफितीचा वेग मोजता आला नाही असा संदेश येई. संदेशात चित्रफितीचे नाव आले की संशय ग्राफिक्स कार्डावर जाणे ओघानेच आले. ड्रायव्हर बदलले जात, कार्ड काढून दुसरे बसवले जाई आणि संदेश जसाच्या तसा राही. त्यामागचे कारण बहुधा असे असे : मोजणीच्या ओघात विनसॅट एक छोटी चित्रफीत उलगडून पाहतो. ती उलगडण्याचे काम विंडोजच्या स्वतःच्या माध्यम-घटकांकडे असते. पण चित्रपट पाहण्यासाठी वापरकर्त्याने बाहेरून एखादा ‘कोडेक पॅक’ घेऊन बसवलेला असला की तो मध्येच हात घालतो आणि चित्रफीत स्वतःकडे ओढून घेतो. विनसॅटला अपेक्षित उत्तर मिळत नाही, आणि ते मिळाले नाही तर तो गुणच देत नाही. उपाय म्हणजे बाहेरचा कोडेक काढून टाकणे, विंडोजचे माध्यम-घटक जागेवर आहेत याची खात्री करणे आणि पुन्हा मोजणे. ज्यांनी विंडोजच्या फोल्डरमधली विनसॅटची नोंदवही उघडून शेवटच्या काही ओळी वाचल्या, त्यांना कुठल्या पायरीवर गाडी अडली ते दिसत असे. ज्यांनी ती उघडली नाही, त्यांनी नवे कार्ड घेतले.

दुसरी तक्रार लॅपटॉपवाल्यांची. बॅटरीवर असताना मोजणी सुरूच होत नसे. यात बिघाड काहीच नव्हता. बॅटरी वाचवण्यासाठी प्रोसेसर आपली गती कमी करतो, म्हणून मोजणी करायची तर यंत्र विजेच्या जोडणीवर असले पाहिजे, ही अट विनसॅटने घातली होती. आभासी यंत्रावर किंवा दुरून जोडलेल्या पडद्यावरून मोजण्यासही तो असाच नकार देई. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला ही अट ओळखीची वाटेल. तापमान स्थिर नसताना घेतलेले वाचन वहीत लिहायचे नसते. वाचन नाही हेही एक उत्तर असते. पण चार्जर लावूनही ‘पॉवर सेव्हर’ची मांडणी तशीच ठेवली, किंवा त्याच वेळी विषाणूरोधक प्रोग्रॅम संपूर्ण डिस्क चाळत बसला असेल, तर विनसॅट हरकत घेत नसे, निमूटपणे कमी गुण देई. अटींची यादी कधीच पुरी होत नाही ती अशी.

तिसरी कथा एसएसडीची. विंडोज ७ ची चाचणी-आवृत्ती लोकांच्या हाती पडली तेव्हा काही जणांच्या महागड्या, नव्या एसएसडीला दोन-तीनच्या आसपास गुण मिळाले. जाहिरातीत सलग वाचनाचे दणदणीत आकडे, आणि विनसॅटचा निकाल जुन्या फिरत्या डिस्कपेक्षाही वाईट. दोष साधनाचा ठरवून संताप व्यक्त झाला. चाचणीचे निकष त्या टप्प्यावर थोडे अधिकच कठोर होते हे खरे, आणि ते नंतर सुधारलेही गेले. पण पहिल्या पिढीतल्या काही एसएसडींवर लहान लहान तुकडे सतत लिहीत राहिल्यास त्या मध्येच अडकत, कधी कधी वापरणाऱ्याला जाणवेल इतका वेळ, हेही तितकेच खरे होते. विनसॅट जे दाखवत होता ते जाहिरातीत नव्हते एवढेच.

चौथी गोष्ट सर्वांत गंभीर, कारण तिच्यात आकडा नुसता दाखवण्यापुरता राहत नाही. विनसॅटच्या निकालावरून विंडोज स्वतःचे वागणे ठरवत असे. व्हिस्टातली पारदर्शक खिडक्यांची सजावट सुरू करायची की नाही, हे त्या मोजणीवरून ठरे. पुढे विंडोज ७ आणि ८ मध्ये डिस्क फिरती आहे की एसएसडी हे ओळखण्यातही या निकालाचा हात होता. फिरत्या डिस्कवर विखुरलेले तुकडे वेळोवेळी एकत्र रचणे हिताचे असते. एसएसडीवर तोच उद्योग निरर्थक, शिवाय तिचे लेखनाचे मर्यादित आयुष्य विनाकारण खर्ची घालणारा. आता एखाद्याने जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत एसएसडीवर घेतली आणि ती संगणकात बसवली, तर त्या प्रतीसोबत जुन्या डिस्कचा निकालही येई. संगणकाच्या लेखी आत अजूनही तबकडीच फिरत असे. उपाय एका ओळीचा होता : ‘विनसॅट फॉर्मल’ ही आज्ञा देऊन मोजणी नव्याने करायची. अनेकांनी तो कुठूनतरी वाचून केला आणि गुण का बदलले एवढाच विचार केला. बदलले होते ते यंत्राचे स्वतःविषयीचे मत.

हे निकाल तारीख-वेळ घातलेल्या साध्या एक्सएमएल फायलींत साठवलेले असत. साध्या म्हणजे इतक्या साध्या की त्या उघडून हवा तो आकडा लिहिता येई, आणि पडद्यावर तो दिमाखात झळके. असे उद्योग भरपूर झाले. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये मोजपट्टी ९.९ पर्यंत लांबवण्यात आली आणि पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१३ मधल्या विंडोज ८.१ मध्ये, गुण दाखवणारे पान काढून टाकण्यात आले. मोजणारा प्रोग्रॅम राहिला, निकालपत्रक गेले.

या साधनाच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र त्याच्याहून पस्तीस वर्षे जुना आहे : भिन्न रचनेच्या दोन यंत्रांची तुलना कशी करायची? १९७२ मध्ये ब्रिटनमध्ये हॅरल्ड कर्नो आणि ब्रायन विचमन यांनी त्याला दिलेले उत्तर ‘व्हेटस्टोन’ या नावाने प्रसिद्ध झाले. लेस्टरशायरमधल्या व्हेटस्टोन गावी तयार झालेल्या एका आल्गॉल भाषांतरकाच्या साहाय्याने, शास्त्रीय प्रोग्रॅममध्ये कोणत्या क्रिया किती वेळा येतात याची मोजदाद झाली होती. त्या प्रमाणात क्रिया मिसळून एक कृत्रिम प्रोग्रॅम रचण्यात आला. गावाच्या नावाचा अर्थ ‘धार लावण्याचा दगड’ असा होतो हा निव्वळ योगायोग, पण कसोटीला साजेसा. १९८४ मध्ये राइनहोल्ड वाइकर यांनी पूर्णांकी कामांसाठी दुसरी कसोटी रचली आणि शब्दाची कोटी पुढे नेत तिला ‘ड्रायस्टोन’ म्हटले. ती इतकी लहान होती की प्रोसेसरजवळच्या द्रुतस्मृतीत सबंध मावे, आणि भाषांतरक प्रोग्रॅम हुशार झाले तसे ते तिच्यातली निरुपयोगी कामे ओळखून गाळू लागले. यंत्र तेच, आकडा वाढलेला.

या प्रकाराचा कळस १९९० च्या सुमारास झाला. कंपन्यांनी एकत्र येऊन १९८८ मध्ये ‘स्पेक’ ही संस्था स्थापली होती. कृत्रिम प्रोग्रॅम सोडून खऱ्या कामांतून उचललेले दहा प्रोग्रॅम घ्यायचे आणि त्यांच्या गुणांचा भूमितीय मध्य काढायचा, अशी तिची पद्धत. त्या दहांत ‘मॅट्रिक्स ३००’ नावाचा एक प्रोग्रॅम होता. तीनशे गुणिले तीनशेच्या सारण्यांचे गुणाकार करणे एवढेच त्याचे काम, आणि त्याचा जवळजवळ सगळा वेळ एकाच ओळीत जाई. भाषांतरक लिहिणाऱ्यांनी ती ओळ हेरली. सारणीचे लहान चौकोन पाडून ते द्रुतस्मृतीत बसतील अशी उलटापालट आपोआप करणारे भाषांतरक आले आणि एका यंत्रावर त्या एकट्या प्रोग्रॅमचे गुण सुमारे नऊपट झाले. हिशेब करून पाहावा : दहांपैकी एक आकडा नऊपट झाला आणि बाकीचे नऊ तसेच राहिले, तरी भूमितीय मध्य २५ टक्क्यांनी वाढतो. किमान गुणांचा नियम असता तर काहीच हलले नसते. १९९२ च्या संचातून मॅट्रिक्स ३०० वगळण्यात आला. फसवणूक कुणीच केली नव्हती, हे लक्षात घेतले पाहिजे. ती युक्ती खऱ्या प्रोग्रॅमनाही कधीमधी उपयोगी पडे. फक्त त्या आकड्याचा यंत्राच्या एकंदर वेगाशी संबंध उरला नव्हता.

लिनक्सची तऱ्हा याहून निराळी. १९९३ पासून संगणक सुरू होताना लिनक्स एक रिकामे चक्र फिरवून स्वतःची चाल अजमावतो आणि तो आकडा ‘बोगोमिप्स’ म्हणून छापतो. नावातला ‘बोगो’ म्हणजे सरळसरळ ‘बोगस’. लिनस टोरवाल्ड्स यांनी इशारा नावातच घालून ठेवला, तरीही लोक त्या आकड्यावरून यंत्रांची तुलना करीत राहिले.

मोठ्या यंत्रांच्या जगात जी कसोटी टिकली ती ‘लिनपॅक’. १९७९ मध्ये रेषीय समीकरणे सोडवणाऱ्या लिनपॅक या प्रोग्रॅम-संचाच्या वापरपुस्तिकेला जोडलेल्या परिशिष्टात जॅक डोंगारा यांनी शंभर समीकरणे सोडवण्यास तेवीस संगणकांना लागलेला वेळ दिला होता. वापरणाऱ्याला वेळेचा अंदाज यावा एवढाच हेतू. त्या परिशिष्टातून पुढे जागतिक शर्यत उभी राहिली. जून १९९३ पासून वर्षातून दोनदा जाहीर होणारी ‘टॉप ५००’ ही यादी याच कसोटीच्या मोठ्या रूपावर आधारलेली आहे.

या यादीत प्रत्येक यंत्रापुढे दोन आकडे असतात. पहिला शिखरवेग. तो मोजत नाहीत, कागदावर काढतात : किती गाभे, प्रत्येकाचे ठोके सेकंदाला किती, एका ठोक्यात किती गणिते, यांचा गुणाकार. दुसरा लिनपॅक प्रत्यक्ष चालवून मिळालेला. दोहोंमधली तफावत म्हणजे त्या यंत्राच्या अंतर्गत जोडण्यांचे प्रगतिपुस्तकच. आणि भारताचा महासंगणकांचा इतिहास या दोन आकड्यांमधल्या फटीत फार चांगला वाचता येतो.

त्याची सुरुवात मात्र यादीच्या आधीची, आणि वेगळ्या कसोटीवरची आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीतल्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्रासाठी अमेरिकेकडून ‘क्रे एक्स-एमपी’ हा महासंगणक मिळाला. तो अनेक अटींसह मिळाला. त्याहून शक्तिशाली यंत्रे नाकारली गेली. तत्पूर्वी डिसेंबर १९८६ मध्ये बेंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमध्ये ‘फ्लोसॉल्व्हर’ हा देशातला पहिला समांतर संगणक चालू झाला होता. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘अनुपम’ बांधला. या देशी यंत्रांपुढे ठेवलेला एक महत्त्वाचा प्रश्न गणितांच्या वेगाचा नव्हताच. दिल्लीत क्रेवर चालणारे ‘टी-८०’ हे हवामानाचे प्रारूप तुमच्या यंत्रावर चालेल का, आणि किती वेळात, असा तो होता. हवामानाच्या प्रारूपात प्रत्येक प्रोसेसरला पृथ्वीच्या इतर भागांची माहिती सतत मागवावी लागते. प्रोसेसर कितीही चपळ असले तरी त्यांच्यातली निरोपांची ये-जा मंद असेल तर सगळे ताटकळत बसतात. पुन्हा तोटीच. १९९४ मध्ये फ्लोसॉल्व्हरवर टी-८० चालवून केलेल्या मान्सूनच्या अंदाजाविषयीचा शोधनिबंध ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावेळच्या प्रसिद्धीत ‘गिगाफ्लॉप’ गाजले. या कामाकडे त्या मानाने कमीच लक्ष गेले.

२००३ मध्ये सी-डॅकचा ‘परम पद्म’ टॉप ५०० मध्ये १७१ व्या स्थानी आला. शिखरवेग ९९२ गिगाफ्लॉप, लिनपॅकवर मिळालेला वेग ५३२. म्हणजे निम्म्याहून थोडा अधिक. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यातच टाटा समूहाच्या प्रयोगशाळेतला ‘एका’ थेट चौथ्या स्थानी पोहोचला : शिखरवेग सुमारे १७१ टेराफ्लॉप, प्रत्यक्ष ११७.९. पुढच्या जूनच्या यादीत त्याच यंत्राचा शिखरवेग जेमतेम एक टक्का वाढलेला आहे, पण लिनपॅकचा आकडा १३२.८ झाला आहे. कार्यक्षमता ६९ टक्क्यांवरून ७७ टक्क्यांवर गेली. गाभे जवळजवळ तेवढेच, आणि सहा महिन्यांत साडेबारा टक्के अधिक वेग. तरीही त्या यादीत तो आठवा आला, कारण जग पुढे सरकले होते. वृत्तपत्रांना घसरण दिसली. सुधारणा बारीक अक्षरांत होती.

अलीकडे आणखी एक आकडा आला आहे, आणि सर्वाधिक गोंधळ त्याने केला आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ यादीत ६३ वा आला. त्याचा लिनपॅकवरचा वेग ४.६ पेटाफ्लॉप आणि शिखरवेग सुमारे ५.३ पेटाफ्लॉप, ८७ टक्क्यांची ही कार्यक्षमता खरोखर कौतुकास्पद आहे. परंतु त्याच यंत्राचे वर्णन ‘२१० एआय पेटाफ्लॉप’ असेही केले जाते. २०२३ मध्ये ७५ व्या स्थानी आलेल्या ‘ऐरावत’चेही तसेच : यादीत ८.५, बातम्यांत २००. यातला एकही आकडा खोटा नाही. टॉप ५०० मध्ये चौसष्ट बिटांच्या, म्हणजे सुमारे पंधरा-सोळा दशांश स्थळांपर्यंत नेमक्या संख्यांची गणिते मोजतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामाला इतकी नेमकेपणाची गरज नसते; सोळा किंवा त्याहून कमी बिटांच्या ओबडधोबड संख्या चालतात, आणि त्यांची गणिते तीच चिप कितीतरी अधिक वेगाने करते. ‘एआय पेटाफ्लॉप’ ही त्या गणितांची, तीही कागदावरची, शिखरसंख्या. भाषेचे प्रारूप शिकवायचे असेल तर तो आकडा अर्थपूर्ण आहे. वादळाचा मार्ग काढायचा असेल तर त्याकडे पाहूही नये. अडचण होते ती बातमीत ‘एआय’ हे दोन वर्ण गळून पडतात आणि २१० ची तुलना परदेशातल्या यंत्रांच्या लिनपॅक आकड्यांशी केली जाते तेव्हा. पंचेचाळीसपट फुगलेला अभिमान पुढच्या यादीत स्थान शोधू लागतो आणि सापडले नाही की निराश होतो.

खुद्द डोंगारा यांनाही लिनपॅकची मर्यादा डाचत होती. सारण्यांची घनदाट गणिते प्रोसेसरला सोपी जातात. स्मृतीतून विखुरलेली माहिती ओढत राहणारी गणिते अवघड, आणि विज्ञानातली बरीचशी खरी गणिते दुसऱ्या प्रकारची असतात. म्हणून त्यांनी मायकेल हेरू यांच्यासह २०१३ मध्ये ‘एचपीसीजी’ ही नवी कसोटी मांडली. तिच्यावर बड्या यंत्रांचा तोरा उतरतो. जपानचा ‘फुगाकू’ लिनपॅकवर ४४२ पेटाफ्लॉप देतो, एचपीसीजीवर १६. विंडोज ७ ने सलग वाचन सोडून विखुरलेले वाचन तपासायला घेतल्यावर हार्ड डिस्कचे जे झाले, तेच येथे झाले.

२६ सप्टेंबर २०२४ रोजी हवामानासाठीचे दोन नवे महासंगणक देशाला अर्पण करण्यात आले : पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘अर्क’, ११.७७ पेटाफ्लॉपचा, आणि नोएडात ‘अरुणिका’, ८.२४ पेटाफ्लॉपचा. प्रकल्पाचा खर्च ८५० कोटी रुपये. पुण्यात त्याआधी २०१८ पासून असलेल्या ‘प्रत्युष’चा शिखरवेग ४ पेटाफ्लॉप होता, म्हणजे अर्क जवळजवळ तिप्पट. मे २०२५ मध्ये त्यावर सहा किलोमीटरच्या जाळीचे ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ हे प्रारूप कार्यान्वित झाले. त्याआधीची जाळी बारा किलोमीटरची होती. जाळी निम्मी बारीक केली की पृथ्वीवरचे चौकोन चौपट होतात आणि काळाची पावलेही सामान्यतः निम्मी करावी लागतात, म्हणजे काम आठपट वाढते. शिखरवेग वाढला तो तिप्पट. उरलेली तूट जाळीच्या आकाराची फेरमांडणी आणि प्रोग्रॅमची मशागत यांतून भरून काढावी लागते. संस्थेच्या वैज्ञानिकांनी त्यासाठी विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात अधिक बारीक होणारी त्रिकोणी-घन-अष्टफलकी जाळी वापरली. ११.७७ या आकड्यात हे काम कुठेही मोजलेले नाही.

प्रारूप तयार करणाऱ्या गटाने उद्घाटनाच्या वेळी आणखी एक तुलना सांगितली, आणि बातम्यांत ती बरीच खाली छापली गेली. प्रत्युषला हवामानाचे प्रारूप चालवण्यास दहा तासांपर्यंत वेळ लागत असे. तेवढ्याच माहितीचे काम अर्क चार तासांत उरकतो. अडीचपट. कागदावरच्या तिपटीपेक्षा थोडे कमी, पण हा आकडा घड्याळाने मोजलेला आहे, आणि सकाळचा अंदाज सकाळीच जिल्ह्यांपर्यंत पोहोचणार की दुपारी, हे त्यावरून ठरते.